ट्रॅकवरची मियाटा थंड ठेवताना: रीरूट किट, जाड रेडिएटर आणि फोमची पट्टी

पहिल्या दोन पिढ्यांच्या माझदा एमएक्स-5 साठी, म्हणजे अमेरिकेत जिला सगळे मियाटाच म्हणतात तिच्यासाठी, ट्रॅकवर जायचं ठरलं की तीन वस्तूंची खरेदी होते: जाड अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर, कुलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, वाट बदलणारं रीरूट किट आणि इंजिनचं तेल थंड करणारा ऑइल कूलर. तिन्ही कामाच्या आहेत. खरेदीचा क्रम मात्र बहुतेकांचा चुकतो, आणि ज्या चौथ्या वस्तूने सगळ्यात आधी फरक पडतो ती फोमची पट्टी यादीत नसतेच. हा आढावा या चारही गोष्टींचा आहे. 1989 ते 2005 या काळातल्या, टर्बो नसलेल्या 1.6 आणि 1.8 लिटरच्या गाड्या इथे गृहीत धरल्या आहेत. भारतात माझदाने ही गाडी विकली नाही, त्यामुळे वाचणारे बहुतेक अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी ट्रॅक-डे, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस, गाठणारे असतील. पण हवेचा भाग कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळणाऱ्या कुठल्याही गाडीला जसाच्या तसा लागू आहे.

आधी दुखणं काय ते. 1.6 लिटरचं बी6 आणि 1.8 लिटरचं बीपी ही इंजिनं माझदा 323 सारख्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातली. तिथे इंजिन आडवं बसतं. वॉटर पंप एका टोकाला, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की उघडणारी झडप, दुसऱ्या टोकाला. पाणी एका बाजूने शिरतं, चारही सिलिंडरांना भेटतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. मियाटात हेच इंजिन गाडीच्या लांबीत बसवलं. मागचं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडलं, तिथून जाड पाइप काढायला जागा राहिली नाही, म्हणून थर्मोस्टॅट पुढे, पंपाच्याच टोकाला आणला. आता पाणी पुढून शिरतं आणि बरंचसं पुढूनच निघून जातं. मागच्या टोकातून जातो तो फक्त हीटरचा बारीक प्रवाह. कालव्याच्या पाण्यासारखं आहे हे: मुखाजवळच्या शेतात पाट भरून वाहतो आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला नुसती ओल येते. इथे टेलचा शेतकरी म्हणजे चौथा सिलिंडर.

रस्त्यावर याने काही बिघडत नाही, कारण तिथे पूर्ण थ्रॉटल काही सेकंदच लागतो. ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटं इंजिन 5,000 ते 7,000 आरपीएममध्ये राहतं. ढोबळ हिशेब असा की पेट्रोलच्या उष्णतेचा तिसरा हिस्सा क्रँकला मिळतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यात उतरतो. 130 हॉर्सपॉवरच्या आसपासचं 1.8 इंजिन पूर्ण ताकद लावतं तेव्हा दोन किलोवॉटचे तीस-चाळीस गिझर एकाच वेळी त्या सहा लिटर पाण्यात चालू असतात. चौथ्या सिलिंडरभोवती पाणी मंद असेल तर तिथे धातूला चिकटून वाफेचे बुडबुडे तयार होतात, वाफ उष्णता उचलत नाही, तो भाग आणखी तापतो आणि पहिलं नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं वेळेआधी भडकणं, तिथेच सुरू होतं. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा खालचा सिलिंडरांचा भाग, बिडाचा; त्यावरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे मार बसतो तो मधल्या गास्केटला.

काहीही विकत घेण्याआधी आकडा बघायची सोय करा. डॅशबोर्डवरचा काटा यात कामाचा नाही. विशेषतः दुसऱ्या पिढीच्या गाडीत तो मध्यावर जाऊन बसतो आणि पाणी 80 अंशांवर असो की 100 वर, तिथून हलत नाही. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. अमेरिकेतल्या 1996 पासूनच्या गाड्यांना ओबीडी-2 सॉकेट आहे, म्हणजे इंजिनची माहिती वाचायची जोडणी. त्यात साधा ब्लूटूथ रीडर लावून फोनवर तापमान दिसतं. त्याआधीच्या गाड्यांना वेगळा गेज लावावा लागतो. सेन्सर हेडच्या मागच्या टोकाला असतो, हे आपल्या पथ्यावरच पडतं. आकड्यांचं गणित सोपं ठेवा: 85 ते 95 अंश सेल्सिअस म्हणजे सगळं ठीक, 105 ला एक-दोन लॅप गिअर वरचा ठेवून आरपीएम खाली आणा, 110 ला पिटमध्ये या. कॅलिफोर्नियात थंडरहिलच्या ट्रॅकवर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि समुद्राजवळच्या लागुना सेका ट्रॅकवर त्याच महिन्यात स्वेटर लागतो. म्हणून आकडा टिपताना बाहेरचं तापमानही शेजारी लिहा. पाणी बाहेरच्या हवेपेक्षा किती अंश वर आहे, ही तुलना खरी.

आणखी एक गोष्ट, तीही खरेदीच्या आधी. गास्केट आधीच गेलेली असेल तर जगातलं कुठलंही किट गाडी थंड ठेवणार नाही. रेडिएटरच्या तोंडावर धरायचा केमिकल टेस्टर येतो. त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं की सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय, हे नक्की. शिवाय हातपंपाने 1.1 बार दाब भरून दहा मिनिटं ठेवा. काटा उतरला तर गळती शोधा. पहिल्यांदा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राकडे आणि हीटरच्या होज पाइपांकडे बघा.

आता फोम. किंमत चहा-नाश्त्याएवढी, आणि सगळ्या यादीत पैशाच्या मानाने सर्वांत मोठा फायदा हिचाच. बंपरच्या तोंडातून आत आलेली हवा आळशी असते. रेडिएटरच्या दाट जाळीतून घुसण्याऐवजी ती बाजूच्या, वरच्या आणि खालच्या फटींतून निघून जाते. या गाडीत रेडिएटर आणि त्याची चौकट यांच्यामध्ये बोट सहज जाईल अशा फटी आहेत. नवा रेडिएटर बसवताना मूळचे रबर आणि प्लास्टिकचे तुकडे निघून पडतात आणि परत कुणी लावत नाही, तेव्हा त्या आणखी मोठ्या होतात. बंद छिद्रांचा फोम घ्या, 12 ते 19 मिमी जाडीचा. गादीतला स्पंजासारखा फोम नको, तो पाणी पितो आणि महिन्याभरात गळून पडतो. रेडिएटरच्या चारही कडांना तो किंचित दाबून बसवा. बंपरच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत दोन्ही बाजूंना 1 मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फलकांसाठी वापरतात तो नालीदार प्लास्टिकचा पत्रा कापून भिंती करा आणि सांधे अ‍ॅल्युमिनियम टेपने बंद करा. काम झाल्यावर रात्री समोरून टॉर्च मारा आणि मागून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून हवा पळते.

नाकाखालचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे अंडरट्रे, हा या कामाचाच भाग आहे. जुन्या गाड्यांत ते तुटलेलं असतं आणि मालकाला वाटतं, बरंच झालं, खालून हवा लागेल. होतं उलट: खालून शिरलेली हवा रेडिएटरच्या मागे दाब वाढवते आणि पुढून येणाऱ्या हवेची वाट अडते. ते आवरण परत बसवल्याशिवाय पुढची कुठलीही खरेदी करू नका. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून मागची कड उचलण्याची फॅशन आहे, तीही सोडा. काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते. बॉनेटला झरोके पाडायचेच असतील तर ते पुढच्या तिसऱ्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे. तिथे दाब कमी असतो.

मूळ रेडिएटर वाईट नाही, पण त्याच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग बघत चला. नवी असते तेव्हा काळी. मग ती हिरवट-पिवळट होते आणि शेवटी तपकिरी, शेवाळ सुकल्यासारखी. तपकिरी टाकी नखाने दाबली तर बारीक रेघ उमटते. असा रेडिएटर ट्रॅकवर नेऊ नये. तो फुटतो टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जोडावर, आणि फुटतो तेव्हा मागच्या गाडीच्या चाकाखाली पाणी सांडतं.

बदलताना 36-37 मिमी जाडीचा, पूर्ण वेल्ड केलेला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर पुरतो. जपानच्या कोयोरॅडचा या जाडीचा रेडिएटर वर्षानुवर्षं या गाडीसाठी मिळतो. मूळच्या जागेवर बसतो, वेल्डिंग नीटनेटकं आहे आणि मूळचे पंखे त्यावर चढतात. टर्बो नसलेल्या गाडीला याहून जास्त काही लागत नाही. 50 मिमीच्या पुढचे जाड रेडिएटर दिसायला दांडगे, पण त्यांतून हवा ढकलायला जास्त दाब लागतो, आणि बाजूच्या फटी नीट बंद केल्या नसतील तर आळशी हवा आणखी आळशी होते. जागा कमी पडते म्हणून पातळ पंखे लावावे लागतात, ते शेड (पंख्याभोवतीचं, हवा सगळ्या जाळीतून ओढायला लावणारं आवरण) न घालता जाळीला प्लास्टिकच्या खिळ्यांनी टोचलेले असतात, आणि पिटमध्ये रांगेत उभं राहिल्यावर गाडी तापते. स्वस्तातल्या निनावी रेडिएटरांत ठरलेली खोट असते ती पंख्यांच्या कानांची: छिद्रं 4-5 मिमी इकडे-तिकडे, आणि ड्रेनचा नट सैल. तो बसवण्याआधी टाकीत 1.1 बार हवा भरून बादलीभर पाण्यात बुडवून बघावा. बुडबुडा आला तर तसाच दुकानात परत.

आता मुख्य पाहुणा, रीरूट किट. कल्पना जुन्या 323 चीच आहे: थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला न्यायचा आणि पुढचं तोंड बंद करायचं. मग पाणी पुढून शिरून चारही सिलिंडर पार करूनच बाहेर पडतं. बाजारात दोन तऱ्हा मिळतात. एकीत मशीनवर कोरलेलं अखंड थर्मोस्टॅट हाउसिंग, आकार दिलेला होज पाइप, पुढची झाकणपट्टी, गास्केटं आणि बोल्ट असं सगळं एका खोक्यात येतं. दुसरी तऱ्हा जुळवाजुळवीची: किया स्पोर्टेजचं वॉटर नेक, त्याखाली जाड स्पेसर, आणि पाइप आपण शोधायचा. दुसरी स्वस्त पडते आणि चांगली चालते, फक्त फायरवॉलपाशी जागेचा प्रश्न येतो आणि पाइपाचं वळण जमवायला दोन-तीन वेगवेगळे पाइप कापावे लागतात. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने ती करावी. ट्रॅक-डे पंधरा दिवसांवर असेल तर तयार किट घ्या.

किट चांगलं की वाईट हे हाउसिंगच्या बसण्याच्या पृष्ठावरून कळतं. काचेवर ठेवून चारही कोपरे दाबा. डुगडुगलं तर गळणार. दुसरी खूण म्हणजे सेन्सरची जागा. पहिल्या पिढीच्या गाडीत रेडिएटर फॅनचा स्विच पुढच्या थर्मोस्टॅट हाउसिंगमध्ये असतो आणि साधारण 97 अंशांना फॅन लावतो. रीरूटनंतर तिथलं पाणी जवळजवळ थांबतं, स्विचला खरं तापमान कळतच नाही आणि फॅन उशिरा लागतो. चांगल्या किटमध्ये मागच्या हाउसिंगला या स्विचसाठी आटे पाडलेले असतात. नसतील तर फॅन कंट्रोलर वेगळा घ्यावा लागेल, तो खर्च किमतीत धरा. दुसऱ्या पिढीत फॅन ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या संगणकाच्या, हुकमाने चालतो आणि सेन्सर मागेच असतो, त्यामुळे ही अडचण येत नाही.

बसवायला पहिल्यांदा करणाऱ्याला एक पूर्ण दिवस धरा. पाणी काढा, तेही इंजिन थंड असताना. पहिल्या पिढीत हेडच्या मागे कॉइल पॅक बसवलेला असतो. तो काढल्याशिवाय हात शिरत नाही. वायरींना नंबरच्या चिठ्ठ्या लावूनच सोडा. कॅम अँगल सेन्सर (ठिणगीची वेळ ठरवायला मदत करणारा) हलवायचा असेल तर आधी त्याच्या बुडाशी आणि हेडवर मिळून एक रेघ ओरखडा, नाहीतर टायमिंग लाइट घेऊन बसावं लागेल. आणि तो निघालाच आहे तर त्याची ओ-रिंग बदला. या गाडीत इंजिनच्या मागून जे तेल झिरपतं ते पुष्कळदा तिच्यामुळेच. मागचं जुनं तोंड काढल्यावर हेडच्या पृष्ठावरचं जुनं गास्केट प्लास्टिकच्या पात्याने खरवडा, लोखंडी पात्याने अ‍ॅल्युमिनियमला चरे पडतात. एम8 बोल्ट 19 ते 25 न्यूटन-मीटर, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानेच. फायरवॉलपाशी हात वाकडा असतो, अंदाज हमखास चुकतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे एका झटक्यात निघतात. पाइप एक्झॉस्टच्या बाजूने जात असेल तर त्यावर उष्णता अडवणारी बाही चढवा आणि तो कुठे घासत नाही ना, हे इंजिन हाताने हलवून बघा. रबराच्या माउंटांवर इंजिन ब्रेकिंगमध्ये चांगलंच डोलतं.

थर्मोस्टॅट 82 अंशांचा (अमेरिकन दुकानात 180 फॅरेनहाइट) ट्रॅकसाठी ठीक. थंडीत रोज चालवायची गाडी असेल तर 90 चा (195 फॅरेनहाइट). तो काढूनच टाकायचा सल्ला मिळतो, तो मानू नका. थर्मोस्टॅट नसला की पार्किंगमधून निघताना इंजिन तापायला फार वेळ लागतो, ईसीयू तोवर पेट्रोल-हवेचं मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, ठेवतो. शिवाय तोंडाशी असलेल्या त्या अडथळ्यामुळे हेडमधल्या पाण्यावर दाब टिकतो, तो गेला की कडक तापलेल्या जागी बुडबुडे लवकर धरतात. आणि ज्यांनी वजन कमी करायला हीटर काढला आहे, त्यांनी हीटरच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून ठेवाव्यात, बूच मारू नये. रीरूटमध्ये थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायची तीच एक वाट असते.

रीरूटनंतर गाडी तापते अशी तक्रार आली की दहातल्या नऊ वेळा एअर लॉक असतो. थर्मोस्टॅट आता पाण्याच्या वाटेतल्या सगळ्यात उंच जागी आहे, हवा तिथेच जमते आणि हवेत लटकलेला थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही. उपाय साधा आहे. थर्मोस्टॅटच्या कडेला 3 मिमीचं छिद्र पाडा किंवा हलणारी पिन असलेला घ्या, आणि ते छिद्र बरोबर वर, बाराच्या काट्यावर ठेवा. गाडीचं नाक रॅम्पवर अर्धा मीटरभर उचला म्हणजे रेडिएटरचं तोंड इंजिनच्या मागच्या टोकापेक्षा वर येईल. तोंडावर उंच नरसाळं बसवा, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू. मधून मधून वरचा पाइप हाताने दाबा. बुडबुडे थांबले, आत गरम हवा येऊ लागली आणि फॅन दोनदा लागून बंद झाला, की हवा निघाली. गाडी थंड झाल्यावर पातळी परत बघा. एवढं झालं की सहा लिटरच्या आसपास पाणी मावलेलं असतं. चार लिटरच गेलं असेल तर हवा अजून आत आहे.

पाणी कुठलं? उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी ग्लायकॉलच्या (पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाच्या) निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा चांगलं. शिवाय ट्रॅकवर सांडलेलं ग्लायकॉल तेलासारखं निसरडं असतं, लवकर सुकत नाही, म्हणून काही क्लब ते चालवूनच घेत नाहीत. उन्हाळ्यात डिस्टिल्ड पाणी आणि गंज रोखणारं औषध, लेबलवरच्या प्रमाणात. नळाचं जड पाणी नको, क्षार बसतात. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी पहिली थंडी पडायच्या आत ग्लायकॉलचं मिश्रण परत भरा, नाहीतर ब्लॉकच फुटेल. रेडिएटरचं झाकण 1.1 बारचं घ्या. त्या दाबाला नुसतं पाणीही 120 अंशांच्या पुढे उकळतं. झाकणाचं रबर दरवर्षी बघायचं, चीर दिसली की झाकण बदलायचं.

ऑइल कूलरबद्दल थोडक्यात: तेल 130 अंशांच्या वर जात असेल तरच. आधी मोजा. घ्यायचाच तर फिल्टरखाली बसणारी सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवाली हवी, साधारण 80 अंशांना उघडणारी. या गाडीच्या फिल्टरचे आटे एम20 x 1.5. कूलर रेडिएटरच्या समोर मधोमध टांगू नका, त्याची गरम हवा पाण्याच्याच पोटात जाते. कडेला, स्वतःच्या वेगळ्या वाहिनीत बसवा. एसी काढलेला असेल तर कंडेन्सरही काढा, तो रिकामा असला तरी हवा अडवतोच.

कुणी काय घ्यावं? फक्त ऑटोक्रॉस (कोनांमधून एकेकट्याने मारायच्या छोट्या फेऱ्या) करणाऱ्याने रीरूट घेऊ नये. मिनिटभराच्या फेरीत चौथ्या सिलिंडरला तापायला वेळच मिळत नाही. तिथला त्रास रांगेत उभं राहण्याचा असतो आणि त्याला चालू अवस्थेतला फॅन, चांगला शेड आणि दोन फेऱ्यांमध्ये उघडलेलं बॉनेट पुरतं. महिन्यातून एखादा ट्रॅक-डे, वीस मिनिटांची सेशन्स, थंड हवेचा प्रदेश: फोम, अंडरट्रे, 37 मिमीचा रेडिएटर, 1.1 चं झाकण. एवढ्यावर गाडी 95 च्या आत राहते की नाही ते बघा. राहत असेल तर रीरूटचे पैसे टायरला लावा. उष्ण प्रदेश, तास-तासभराच्या एन्ड्युरन्स शर्यती किंवा ताकद वाढवलेलं इंजिन असेल तर रीरूट घ्याच, आणि हेड उघडायचा प्रसंग येण्याआधी घ्या. माझदाने पुढच्या वर्षांतल्या इंजिनांत हेड गास्केटची पाण्याची छिद्रं बदलून मागे जास्त पाणी ढकलायचा प्रयत्न केला होता. त्यामुळे हेड खोललंच तर कुठल्या वर्षाचं गास्केट बसवायचं, हे रीरूट आहे की नाही त्यावर ठरवा आणि दुकानदाराला तसं सांगून घ्या.

सेशन संपताना शेवटचा लॅप वरच्या गिअरमध्ये, ब्रेक न तापवता. पिटमध्ये आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. पंप थांबला की हेडमधली उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते आणि फोनवरचा आकडा बंद इंजिनमध्येही आठ-दहा अंश चढलेला दिसतो. दोन मिनिटं पॅडकमध्ये हळू फिरवा, मग उभी करा, बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढू नका, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. झाकणाला पाऊण तास हात लावायचा नाही.